मुंबईच्या बागा आणि आटपाडीचा माणूस

(आटपाडी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

ज्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या माणगंगेचे पात्र पावसाळा सरताच कोरडे पडताना पाहिले, आणि जिथल्या माणसांनी पाण्यासाठी रस्त्यावर बसून आयुष्याची उमेदीची वर्षे घालवली, त्या मुलखात येऊन मी मुंबईच्या बागांवर बोलणार आहे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. बाग हा पोट भरल्यानंतरचा विषय आहे, अशी आपल्या चळवळीत एक जुनी समजूत आहे. आधी भाकरी, मग पाणी, मग घर, आणि सगळे मिळून झाल्यावर सवड उरलीच तर फुलझाडे! या समजुतीला माझा विरोध आहे, आणि तो मी फुलझाडांच्या बाजूने मांडणार नाही. मी जमिनीच्या बाजूने बोलणार आहे. बाग म्हणजे शहरातील अशी जमीन की जिच्यावर कोणाही माणसाला काही विकत न घेता आणि कोणाची परवानगी न मागता बसता येते. अशी जमीन शहरात किती आहे, कोणाच्या वाट्याला येते आणि कशी नाहीशी होते, हा निव्वळ राजकीय प्रश्न आहे.

आणि तो तुमचाही आहे. या दुष्काळी पट्ट्यातील एकेका गावाने मुंबईला किती माणसे दिली याचा हिशेब कोणी ठेवला नाही. आपल्याच जिल्ह्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे लहानपणी आईवडिलांबरोबर पायी मुंबईला गेले, हे आपण अभिमानाने सांगतो. नावे न राहिलेली अशी माणसे हजारोंनी गेली. गिरणीत, गोदीत, हमालीत लागली. दहा बाय सोळाच्या खोलीत दोन-दोन कुटुंबे राहिली. अशा माणसाच्या दृष्टीने घराबाहेरची मोकळी जागा ही चैन नव्हती. त्याच्या घराचाच तो न बांधलेला भाग होता. पाळी संपवून आलेला माणूस झोपे कुठे? खोलीत दुसऱ्या पाळीचे लोक झोपलेले. तो मैदानावर झोपे. मुले अभ्यासाला कुठे बसत? दिव्याखाली, बागेच्या कठड्यावर. हे ज्याने पाहिले आहे त्याला बागेचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

गेल्या हिवाळ्यात मी काही दिवस मुंबईत होतो आणि ठरवून, एकामागून एक, तिथल्या बागा आणि मैदाने पाहत हिंडलो. त्यातल्या काहींबद्दल सांगतो.

आधी इतिहास थोडा. मुंबईतल्या दक्षिण टोकाची ओव्हल, क्रॉस, आझाद ही मैदाने लोकांसाठी म्हणून कोणी राखलेली नाहीत. किल्ल्याच्या तटावरील तोफांना समोर मारा करण्यास अडथळा नको म्हणून इंग्रजांनी भोवतालची जमीन मोकळी ठेवली. तिला एस्प्लनेड म्हणत. १८६० नंतरच्या वर्षांत तट पाडले गेले, आणि त्या मोकळ्या जमिनीचे जे तुकडे उरले ती आजची मैदाने. म्हणजे मुंबईकरांना जी हवा मिळते ती तोफांची उरलेली आहे! या जमिनीवर पूर्वी शहरातील गुरे चरत. सरकारने चराईवर कर बसवला, तो गरीब गुराख्यांना देता येईना, तेव्हा सर जमशेटजी जिजीभाई यांनी ठाकुरद्वाराजवळ समुद्रालगतची जमीन स्वतःच्या पैशाने घेऊन गुरांसाठी खुली केली, असे सांगतात. चर्नी रोड हे नाव त्या चरणीवरून पडले. मेंढपाळांच्या या तालुक्यात ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो. ज्या स्टेशनावर आज रोज लाखो माणसे उतरतात त्याचे नाव गायरानावरून आलेले आहे.

पुढे १८८० च्या दशकात त्याच मैदानावर दुसरा झगडा झाला. पारशी आणि हिंदू पोरे तिथे क्रिकेट खेळत. गोऱ्या साहेबांना तिथेच पोलो खेळायचा होता. घोड्यांच्या टापांनी खेळपट्टी उखडे, खड्डे पडत. शेकडो देशी खेळाडूंच्या सह्यांचे अर्ज सरकारकडे गेले. पोलो काही काळ हलला आणि पुन्हा आला. अखेर समुद्रात भर घालून तयार केलेल्या पट्ट्यावर पारशी, मुसलमान आणि हिंदू यांना वेगवेगळे जिमखाने देण्यात आले. राज्यकर्त्यांची ही युक्ती ध्यानात घ्या. सर्वांची म्हणून जी जमीन मागितली गेली तिच्याऐवजी प्रत्येक जातजमातीला स्वतंत्र कुंपण मिळाले. ज्याने मागणी केली तो गप्प झाला; ज्याच्यासाठी करायला हवी होती तो कुंपणाबाहेरच राहिला.

भायखळ्याची राणीची बाग मात्र आरंभापासून बाग म्हणूनच आखली गेली. १८६२ साली ती खुली झाली, पुढे नगरपालिकेकडे आली, आणि १९६९ मध्ये तिला वीरमाता जिजाबाई भोसले यांचे नाव देण्यात आले. लोकांच्या तोंडी ती राणीची बागच राहिली. सुमारे पन्नास एकरांत तीन हजारांहून अधिक झाडे आहेत. आफ्रिकेतून आलेली अजस्र बुंध्याची गोरखचिंच तिथे आहे. घारापुरीचा तो सुप्रसिद्ध दगडी हत्ती तिथल्याच संग्रहालयाच्या दारात उभा आहे. गिरणगावातील कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्यांची सहल म्हणजे राणीची बाग. डबा बांधून जायचे, झाडाखाली चटई टाकायची, मुलांना हत्ती दाखवायचा, संध्याकाळी घरी. सहलीचा खर्च ट्रामभाड्याएवढा.

२००७ च्या सुमारास या बागेचा परदेशी पद्धतीचा कायापालट करण्याची एक अवाढव्य योजना पुढे आली. त्या योजनेत जुनी झाडे आणि बागेची मूळ आखणी यांचे काय होणार, हा प्रश्न मुंबईतील काही स्त्रियांनी उचलला. त्या कोणत्याही पक्षाच्या पुढारी नव्हत्या. त्यांनी एकेक झाड मोजले, नोंदवले, नकाशे वाचले, वारसा समितीपुढे गेल्या, आणि ती योजना मूळ स्वरूपात होऊ दिली नाही. आपल्या कार्यकर्त्यांनी यातून घ्यावे असे बरेच आहे. घोषणा देण्याआधी त्यांनी झाडे मोजली होती.

पेंग्विन मात्र आले, २०१६ साली. आणि २०१७ मध्ये प्रवेशाचा दर पाच रुपयांवरून पन्नास रुपये झाला. आईबाप आणि दोन मुले अशा कुटुंबाला शंभर रुपये. खाजगी करमणूक-नगरीत माणशी हजार रुपये मोजणाऱ्याला हे हास्यास्पद वाटेल. पण आपल्याच जिल्ह्यातील विसापूरच्या वि. स. पागे यांनी ज्या रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्राला दिली, त्या हमीच्या कामावरची २०२५-२६ ची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. म्हणजे बागेत शिरायलाच एका रोजाचा तिसरा हिस्सा. शिवाय घरात म्हातारी आई असली, तिसरे मूल असले, तर हिशेब वाढतो. प्राण्यांच्या देखभालीला पैसा लागतो हे मला मान्य आहे. पिंजऱ्यापाशी तिकीट लावा. झाडाखाली बसण्याचे तिकीट का? माझी तक्रार दराविषयी कमी आणि या सरमिसळीविषयी जास्त आहे. बागेचा पाहुणा एकदा गिऱ्हाईक झाला, की मग पैसे नसलेला माणूस हा तिथला घुसखोर ठरतो.

मलबार हिलवरची हँगिंग गार्डन आणि कमला नेहरू पार्क ही तुम्ही शाळेच्या सहलीत पाहिली असतील. म्हातारीच्या बुटात चढून फोटो काढला नाही असा माणूस विरळा. तिथे मी फार वेळ थांबलो नाही. एवढेच सांगतो, की ती बाग पाण्याच्या टाकीवर आहे, मुंबईच्या पोटातले पाणी झाकण्यासाठी केलेली आहे. माझगावच्या टेकडीवरचे जोसेफ बाप्टिस्टा उद्यानही तसेच जलाशयावर आहे. काका बाप्टिस्टा हे कामगारांचे पुढारी, टिळकांचे सहकारी, १९२५ साली मुंबईचे महापौर. त्यांच्या नावाची ही बाग मला मलबार हिलपेक्षा अधिक आवडली. वरून गोदी दिसते, क्रेना दिसतात, रेल्वेचे रूळ दिसतात. बाकावर बसलेली माणसे आजूबाजूच्या चाळींतली. कोणी कोणाला काय करता म्हणून विचारीत नव्हते.

परळच्या कामगार मैदानावर एक वृद्ध गृहस्थ भेटले. मूळचे दिघंचीकडचे. गिरणी बंद पडली तेव्हा चाळिशीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तो दिवस त्यांना तिथीसह आठवतो. ते म्हणाले, "साहेब, ह्या मैदानात आम्ही भाषणं ऐकली, ह्याच मैदानात उपाशी झोपलो, आता नातू क्रिकेट खेळतो ते बघाय येतो. गिरणी गेली, ह्ये तेवढं राहिलंय." मी त्यांना विचारले की गिरणीच्या जागेवर आता काय आहे? त्यांनी हाताने वर दाखवले. चाळीस-पन्नास मजली काचेचा मनोरा होता.

मित्रहो, इथे मला थोडे थांबायचे आहे, कारण मुंबईतील मोकळ्या जमिनीची सर्वांत मोठी लूट इथे झाली, आणि ती कायद्याच्या एका शब्दाने झाली. मुंबईच्या मध्यभागी गिरण्यांची सुमारे सहाशे एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम होता. गिरणीमालकाला जमिनीचा विकास करायचा असेल तर एक तृतीयांश जमीन महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक गृहनिर्माणासाठी, आणि उरलेली तिसरी वाटणी मालकाची. सरळ हिशेबाने दोनशे एकर मोकळी जमीन शहराला मिळायला हवी होती. शिवाजी पार्क अठ्ठावीस एकरांचे आहे. म्हणजे सात शिवाजी पार्क! चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या अभ्यासगटाने १९९६ मध्ये अशा जमिनींच्या एकत्रित नियोजनाचा विचारही मांडला. मग २००१ साली नियमात दुरुस्ती झाली. वाटणी पूर्ण जमिनीची नव्हे, तर ज्यावर बांधकाम नाही तेवढ्याच मोकळ्या जमिनीची करायची, असा अर्थ तिच्यातून निघाला. गिरणीची जमीन म्हणजे बहुतेक सारी शेडांनी भरलेली. मोकळी ती किती असणार? उच्च न्यायालयात हे प्रकरण गेले, तिथे २००५ मध्ये लोकांच्या बाजूने निकाल लागला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती वैध ठरवली. शहराला मिळायच्या वाट्याचा थोडासा अंश हाती आला. पोलिसांनी कोणाला हुसकावले नाही, बुलडोझर आला नाही, लाठी चालली नाही. दोनशे एकरांवरची बाग लावण्यापूर्वीच उपटली गेली, आणि आपल्यापैकी किती जणांना ते त्या वेळी कळले?

ती कळली नाही याचे कारण, आपली कामगार चळवळ त्या वेळी देणी, घरे आणि बंद गिरण्या यांच्या लढाईत गळ्यापर्यंत बुडालेली होती. त्याला दोष देता येत नाही. परंतु मोकळ्या जागेची मागणी ही "त्या सुशिक्षित मंडळींची" आहे असे जे आपल्यात मानले गेले, त्याची किंमत मोजावी लागली. सुशिक्षित मंडळी आपल्या घरासमोरच्या मैदानासाठी लढली. आपल्या ताकदीवर त्यांनी काही मैदाने राखलीही. नंतर मैदाने आणि बागा संस्थांना "दत्तक" देण्याचे धोरण निघाले. काही ठिकाणी चांगली निगा राखली गेली, हे नाकारू नये. काही ठिकाणी मात्र दत्तक घेणाऱ्याने त्या जागेवर क्लब उभा केला आणि मैदानावर ज्याचा हक्क होता तो पोरगा फाटकाबाहेर राहिला. जानेवारी २०१६ मध्ये महापालिकेने असेच नवे धोरण मंजूर केले तेव्हा एवढा विरोध झाला की मुख्यमंत्र्यांना त्याला स्थगिती द्यावी लागली. २०२३ साली पुन्हा नवा मसुदा पुढे आला. दत्तक हा शब्दच पाहा. मूल अनाथ असेल तर दत्तक देतात. दरवर्षी हजारो कोटींचा अर्थसंकल्प मांडणाऱ्या महापालिकेची बाग अनाथ कशी?

आज मुंबईत बागा, मैदाने वगैरे मिळून माणशी सुमारे सव्वा चौरस मीटर मोकळी जागा आहे. केंद्र सरकारच्या नियोजनाच्या मार्गदर्शक सूत्रांत दहा ते बारा चौरस मीटर धरलेले आहे. सव्वा चौरस मीटर म्हणजे तुमच्या खांद्यावरची घोंगडी अर्धी दुमडून अंथरली तर होईल तेवढी जागा. तीही सरासरी. सरासरीत मलबार हिल आणि गोवंडी एका पंक्तीला जेवतात; प्रत्यक्षात तसे होत नाही.

एक वेगळे उदाहरण धारावीचे. मिठी नदीच्या काठी जिथे शहराचा कचरा टाकत असत तिथे, त्या कचऱ्यावर माती घालून सुमारे सदतीस एकरांचे जंगल उभे करण्यात आले. १९९४ पासून ते लोकांसाठी खुले आहे. महाराष्ट्र निसर्ग उद्यान म्हणतात त्याला. पायाखाली कचरा आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही, इतकी दाट झाडी. पाऊसपाणी साठवून झाडे जगवतात. मुंबईत जागा नाही, असे जो अधिकारी सांगेल त्याला इथे आणून उभे करावे. वांद्र्याच्या झगमगाटाला आणि धारावीच्या गल्ल्यांना ते सारखेच जवळ आहे. धारावीच्या मुलांना तिथे पोचायला मात्र वाहनांनी भरलेला मोठा रस्ता ओलांडावा लागतो.

बागेत कोण नसते, हेही पाहावे लागते. मी जिथे जिथे गेलो तिथे पहाटे चालणारे पुरुष, संध्याकाळी मुले आणि त्यांना घेऊन आलेल्या आया होत्या. भर दुपारी, दोन घरची धुणीभांडी करून तिसऱ्या घरी जाण्यापूर्वी तासभर टेकायला जागा शोधणारी बाई क्वचितच दिसली. पुष्कळ बागांची फाटके नेमकी दुपारी बंद ठेवण्याची रीत राहिली आहे. नोकरदारांच्या सोयीची वेळ, दमलेल्यांच्या सोयीची नव्हे. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी २०११ साली एक पुस्तक लिहून हा विचार मांडला, की बाईला सार्वजनिक जागी काही कारण नसताना, नुसते रेंगाळण्याचा हक्क हवा. प्रथम ऐकताना आपल्याला हसू येते. पुरुष कट्ट्यावर तासन्‌तास बसतो त्याला कोणी कारण विचारीत नाही. बाई बसली की प्रत्येकाला कारण हवे असते. आटपाडीच्या एसटी स्टँडावर हेच पाहायला मिळेल.

आणि गावातील मोकळी जागा तरी सर्वांची होती काय? याच आटपाडीत जन्मलेल्या शंकरराव खरातांचे 'तराळ-अंतराळ' ज्यांनी वाचले असेल त्यांना याचे उत्तर ठाऊक आहे. गावकी, चावडी, पाणवठा, सगळे सामाईक, आणि तरी एका वस्तीला वर्ज्य. म्हणून गायरानाच्या आठवणीने गहिवरणे मला पटत नाही. शहरातील बाग ही गावच्या सामाईक जागेपेक्षा एका बाबतीत पुढे गेलेली गोष्ट आहे. फाटकातून आत येणाऱ्याची जात तिथे कोणी विचारीत नाही. ऐपत विचारायला लागले आहेत, तेच थांबवायचे आहे.

याच तालुक्यात औंध संस्थानच्या काळात, १९३९ साली, स्वतंत्रपूरची वसाहत निघाली. गुन्हेगार ठरलेल्या माणसांना भिंतीविना, विश्वासावर ठेवून शेती करू देणारा तुरुंग. त्यावरून 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट १९५७ मध्ये निघाला, हे तुम्हाला मी सांगायला नको. इथे भिंत नसलेला तुरुंग करून दाखवला गेला, आणि मुंबईत आपण बागेभोवती भिंती चढवीत आहोत, असा विचार माझ्या मनात राणीच्या बागेच्या तिकीट-खिडकीपाशी आल्यावाचून राहिला नाही.

आता इथले बोलू. १९९३ पासून नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि त्यांचे सहकारी यांनी तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी चळवळ आटपाडीतून उभी केली. तिचे वैशिष्ट्य केवळ पाणी मागण्यात नव्हते. पाणी समान वाटा, जमीन नसलेल्यालाही त्याचा वाटा द्या, हे तिने सांगितले. धरण बांधणाऱ्या इंजिनिअरांना हे प्रथम वेडेपणाचे वाटले. पाण्याबाबत जे सूत्र तुम्ही महाराष्ट्राला शिकवले तेच जमिनीच्या मोकळ्या तुकड्याला लावा, एवढीच माझी मागणी आहे. ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याचाही शहराच्या हवेत वाटा आहे.

आटपाडीला आता नगरपंचायत आहे. टेंभूचे पाणी आले, डाळिंब आले, पैसा आला, आणि त्यांच्या मागोमाग प्लॉट पाडणारे आले. विकास आराखडा होईल. त्यात बाग, क्रीडांगण, बाजार यांची आरक्षणे हिरव्या-पिवळ्या रंगांत दाखवली जातील. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या २६ व्या कलमाप्रमाणे मसुदा प्रसिद्ध झाल्यापासून हरकती घेण्यास तीस दिवस मिळतात. हे तीस दिवस बहुतेक गावांत नकाशा कोणत्या कपाटात आहे हे शोधण्यात जातात. पुढचे कलम १२७ त्याहून महत्त्वाचे. आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादन केली नाही, तर मालक नोटीस देतो. नोटिशीनंतर चोवीस महिन्यांत पाऊल उचलले नाही, तर आरक्षण आपोआप रद्द होते. "आपोआप" हा शब्द फसवा आहे. कोणीतरी दहा वर्षे स्वस्थ बसतो, कोणीतरी तारीख लक्षात ठेवून नोटीस पाठवतो, कोणीतरी ती फायलीत खाली घालतो. महाराष्ट्रातील गावोगावच्या बागा अशा कागदावरच मेल्या. गायरानाचेही तसेच आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याविषयी स्पष्ट आदेश दिले. मात्र त्या आदेशाच्या नावाखाली गायरानावर झोपडी घालून राहिलेल्या भूमिहीनाला आधी उठवायचे आणि धनदांडग्याच्या कंपाउंडाला हात लावायचा नाही, हा प्रकार होऊ लागला तर आपण भूमिहीनाच्या बाजूने उभे राहिले पाहिजे. त्याला घर देणे आणि मैदान राखणे ही दोन्ही कामे सरकारची आहेत. एकासाठी दुसऱ्याचा बळी मागू द्यायचा नाही.

कार्तिकात उत्तरेश्वराच्या यात्रेत जिथे शेळ्यामेंढ्यांचा बाजार भरतो, खरसुंडीला जिथे खिलार जनावरे उतरतात, शाळेची पोरे जिथे कबड्डी खेळतात, त्या जागा कागदोपत्री कोणाच्या नावावर आहेत? मी इथे आल्यापासून चौघांना विचारले. चौघांनी चार उत्तरे दिली. तेव्हा काम असे करावे. प्रत्येक शाखेने आपापल्या गावच्या मोकळ्या जागांची यादी करावी. गट क्रमांक, क्षेत्र, सातबाऱ्यावरचे नाव, सध्या तिथे काय आहे, कोण बसते, कोणाला बसू देत नाहीत. बायकांना वेगळे विचारावे. त्यांची यादी वेगळी निघेल. आराखड्याच्या हरकतींची मुदत सुरू होण्याआधी हे हाती असले पाहिजे. पुढच्या बैठकीला भाषण नको. येताना उतारे घेऊन या, आणि ज्याला नकाशा वाचता येतो असा एखादा निवृत्त तलाठी किंवा भूमापक मिळाला तर त्यालाही बरोबर आणा.